वाचकांचे प्रश्न : बाजारपेठेच्या अरुंद रस्त्यावर चालायचे कुठून?

गावातल्या रस्त्यांवर पायी चालताना येणाऱ्या अडचणींविषयी आम्ही या सदरात प्रश्न मागवले होते. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली आणि बहुतेकांचा सूर एकच होता : रस्ता मुळातच अरुंद, त्यात वाहने वाढलेली, मग चालणाऱ्याने जायचे कुठून? रस्त्यांच्या कामांत उमेदीची वर्षे घालवलेला अभियंता म्हणून या पत्रांना सविस्तर उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते. जागेअभावी पाच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आमची बाजारपेठ जुनी आहे. दोन्ही बाजूंना दुकाने, त्यांवर माड्या आणि पुढे उघडे गटार. एका दुकानाच्या पायरीपासून समोरच्या पायरीपर्यंतचे अंतर आम्ही मोजले. ते साडेसात मीटर भरले. एसटी आली की माणसांना दुकानाच्या पायऱ्यांवर चढून उभे राहावे लागते. ‘रुंदीकरण झाल्याशिवाय फुटपाथ होणार नाही,’ असे आम्हांला सांगण्यात येते. आणि रुंदीकरण झाले तर दुतर्फा असलेली जुनी घरे जातील. यातून मार्ग आहे का? — एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : मार्ग आहे, आणि आपण स्वतः टेप घेऊन रस्ता मोजलात तिथेच त्याची सुरुवात झाली आहे. आपल्याकडे रस्त्याचा आराखडा करताना आधी मध्यरेषा आखतात, तिच्या दोन्ही अंगांना वाहनांसाठी डांबर किंवा काँक्रीट टाकतात आणि कडेला जे उरेल ते गटाराला, विजेच्या खांबांना आणि शेवटी माणसांना देतात. अरुंद रस्त्यावर अशा वाटणीत माणसाच्या वाट्याला काहीच येत नाही. हीच मोजणी कडेकडून आत करावी. आधी दोन्ही बाजूंना, किंवा निदान एका बाजूला, चालण्याची जागा ठरवावी आणि मग उरलेल्या रुंदीत वाहने कशी न्यायची याचा विचार करावा.

आपल्याच साडेसात मीटरांचा हिशेब मांडून पाहू. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची अडथळारहित रुंदी किमान १.८ मीटर असावी. एवढ्या जागेत चाकाच्या खुर्चीवरील दोन माणसे एकमेकांच्या बाजूने जाऊ शकतात. दोन्ही दिशांची वाहतूक ठेवायची असेल तर वाहनांसाठी साडेपाच मीटरांचा मार्ग धरावा लागतो. मग दोन मीटर उरतात, म्हणजे एका बाजूला पदपथ सहज बसतो. वाहतूक एकदिशा केली तर ३.७५ मीटर पुरतात, कारण एसटीची गाडी सुमारे अडीच मीटर रुंद असते. उरलेल्या ३.७५ मीटरांत दोन्ही बाजूंना १.८ मीटरांचे पदपथ जेमतेम का होईना, मावतात. हिशेब काटेकोर आहे, एखाद्या दुकानाची पुढे आलेली पायरी आत घ्यावी लागेल, पण कोणाची भिंत पाडावी लागणार नाही.

एकदिशा वाहतुकीविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. समोरून काही येणार नाही याची खात्री पटली की चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर जड होतो. म्हणून रस्ता एकदिशा करताना वाहनांचा मार्ग सरळसोट ठेवू नये. पदपथाची कड कुठे आत, कुठे बाहेर घेऊन वेग आवरावा. शिवाय परतीचा रस्ता हवा. किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत बाजारपेठेला समांतर असा खाडीकडचा किंवा समुद्राकडचा रस्ता असतो, तो परतीला वापरता येतो. असा रस्ता नसेल तर एकदिशेचा हट्ट धरू नये. एकाच बाजूला, पण सलग पदपथ करावा. अग्निशमन गाडी अडेल अशी शंका बैठकीत हमखास निघते. कडेचा दगड उतरता ठेवला तर प्रसंगी तिचे चाक पदपथावर चढू शकते, त्यामुळे त्या शंकेचे निरसन आराखड्यातच करून ठेवावे.

जुन्या बाजारपेठेची रुंदी सगळीकडे सारखी नसते, हेही लक्षात घ्यावे. देवळाच्या वळणाशी किंवा एखाद्या जुन्या वखारीपाशी ती पाच मीटरांवर येते आणि तिथे कुठलाही हिशेब बसत नाही. अशा पन्नास-साठ पावलांच्या टप्प्यात वेगळ्या पदपथाचा नाद सोडून सगळा रस्ताच पदपथाच्या उंचीला आणावा, त्याचा पृष्ठभाग रंगाने आणि पोताने वेगळा ठेवावा आणि एका वेळी एकच वाहन सावकाश जाईल अशी व्यवस्था करावी. चालणाऱ्यांमधून आपण वाट काढत आहोत, हे तिथे चालकाला चाकांखालीच जाणवले पाहिजे.

प्रश्न : गटारांवर ढापे टाकून त्यालाच फुटपाथ म्हणायचे, अशी आमच्याकडे पद्धत आहे. माझ्या वडिलांना कमी दिसते, ते काठी घेऊन चालतात. ढाप्यांमध्ये फटी आहेत, काही ढापे डुगडुगतात आणि पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते. त्यापेक्षा रस्त्यावरून चालणे बरे, असे ते म्हणतात. गटारावरचा फुटपाथ मुळातच चुकीचा आहे का? — एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे अनुभवाचे आहे आणि ते मी घरातही ऐकले आहे. काही वर्षांपूर्वी एका किनारी गावात माझ्या आत्याचा पाय अशाच दोन ढाप्यांमधल्या फटीत गेला. श्रावणातली संध्याकाळ होती आणि दिवे गेले होते. तिच्या एका हातात छत्री होती, दुसऱ्यात फुलांची पुडी. तुटलेल्या ढाप्यातून गंजलेली सळई वर आली होती, तिने पोटरी फाटली, टाके पडले. बरी झाल्यावरही ती त्या बाजूने कधी चालली नाही, आणि ज्यांनी ते काम केले होते त्यांना हे कधी कळलेही नाही. कोपऱ्यावरच्या त्या तुटलेल्या ढाप्यावर पुढे कितीतरी दिवस कोणीतरी माडाची झावळ टाकून ठेवली होती. गावाने आपल्या परीने केलेली दुरुस्ती ती तेवढीच.

तरीही अरुंद रस्त्यावर गटारावरून पदपथ नेणे चुकीचे नाही. कोकणात तर तो बहुधा एकच व्यवहार्य उपाय आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात गटार अरुंद करता येत नाही आणि बुजवता तर मुळीच येत नाही, म्हणून त्याच जागेचा दुहेरी उपयोग करावा लागतो. चूक होते ती कामाच्या दर्जात. ढापा फक्त माणसाचे वजन पेलेल असा ओततात. पहिल्याच आठवड्यात त्यावर टेम्पोचे चाक चढते आणि त्याला तडा जातो. म्हणून ढापा वाहनाचे वजन पेलणाराच हवा. त्याची बैठक दोन्ही भिंतींवर सपाट हवी, म्हणजे तो डुगडुगणार नाही. आणि ठरावीक अंतरावरचे ढापे उचलता येतील असे हवेत, कारण मे महिन्यात गाळ काढला नाही तर जूनच्या पहिल्या सरीतच पाणी दुकानांत शिरते. रस्त्यावरचे पाणी आत जाण्यासाठी ठेवलेल्या जाळीचे गज चालण्याच्या दिशेला आडवे असावेत आणि त्यांतली फट काठीचे टोक अडकणार नाही इतकी बारीक असावी. शेवाळाला गुळगुळीत रंगीत फरशी आमंत्रणच देते. खरखरीत काँक्रीट किंवा टाकी लावलेला दगड वापरावा आणि छपरांच्या पागोळ्या थेट पदपथावर पडू न देता त्यांना पन्हळ लावून पाणी गटारात सोडावे. पागोळीखालचा पट्टाच सर्वांत आधी निसरडा होतो.

उंचीविषयीही लिहितो, कारण तिथे चांगल्या हेतूने केलेले कामही फसते. कडेचा दगड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आपल्याकडे पाणी वर येऊ नये म्हणून पदपथ फूट-दीड फूट उंच बांधतात. मग प्रत्येक दुकानाशी, प्रत्येक बोळाच्या तोंडाशी तो तुटतो आणि म्हाताऱ्या माणसाला शंभर पावलांत दहा वेळा चढउतार करावी लागते. त्याला गुडघे साथ देत नाहीत, तो खाली रस्त्यावर उतरतो आणि मग ‘लोक फुटपाथ वापरतच नाहीत’ असा शेरा कागदावर येतो. पदपथ ठेंगणा ठेवावा, बोळाच्या तोंडाशी तो न तोडता तसाच पुढे न्यावा आणि चढायचे कष्ट आत वळणाऱ्या वाहनाला द्यावेत. उतार करायचा झाल्यास एकास बारा हे प्रमाण पाळावे. म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. याहून तीव्र उतारावर चाकाची खुर्ची ढकलणे कठीण जाते आणि पावसात ती घसरते.

प्रश्न : माझे किराणा मालाचे दुकान बाजारपेठेत आहे. फुटपाथ झाला की दुकानासमोरचे पार्किंग जाईल, माल उतरवता येणार नाही आणि गिऱ्हाईक हायवेवरच्या मोठ्या दुकानांकडे वळेल. आमचा विचार कोण करणार? — एक दुकानदार, रायगड जिल्हा

उत्तर : आपली चिंता खोटी नाही आणि तिला उत्तर दिल्यावाचून कोणताही पदपथ टिकणार नाही, कारण दुकानदाराच्या मनात नसलेला पदपथ वर्षभरात पोती आणि पाट्यांखाली झाकला जातो. एक विनंती करतो. बाजाराच्या एका दिवशी सकाळी दोन तास वहीत नोंद ठेवा, की दुकानात आलेले प्रत्येक गिऱ्हाईक पायी आले, दुचाकीवरून आले, रिक्षातून उतरून आले की समोर मोटार उभी करून आले. आकडा मी आधी सांगत नाही. तो आपल्या वहीतला असला तरच आपल्याला पटेल. त्याच वेळी आपल्या दारासमोर उभी असलेली मोटार कोणाची आहे आणि ती किती वेळ उभी असते, हेही टिपा. जुन्या बाजारपेठेत दुकानाचे तोंड तीन-साडेतीन मीटरांचे असते आणि उभी मोटार मागची-पुढची जागा धरून पाच-सहा मीटर अडवते. म्हणजे एक मोटार दोन दुकानांची तोंडे झाकते, आणि पुष्कळदा ती बाजारात काम करणाऱ्याचीच असते.

माल उतरवण्याची सोय मात्र आराखड्यातच असली पाहिजे. कोकणातल्या बाजारपेठा दुपारी जेवणानंतर बंद असतात, ही सवय इथे फार उपयोगाची आहे. दीड ते साडेतीन या वेळेत आणि सकाळी दुकाने उघडण्याआधी टेम्पोला आत येऊ द्यावे, एरवी नाही. दर पन्नास-साठ मीटरांवर माल उतरवण्याचा एक खाचा ठेवावा. दुचाक्यांसाठी बाजाराच्या दोन्ही टोकांना जागा द्यावी; दुचाकी लावून शंभर पावले चालायला कोणाची हरकत नसते, जर ती शंभर पावले निर्धास्त चालता येत असतील. पदपथावर मोटार चढू नये म्हणून खुंट बसवावे लागतात. त्यांमध्ये चाकाच्या खुर्चीसाठी निदान १.२ मीटरांचे अंतर ठेवावेच लागते, आणि एवढ्या अंतरातून दुचाकी आत येते हे मी लपवून ठेवत नाही. दुचाकी रोखायचे काम खुंटांचे नव्हे. ते पोलिसांचे आणि आपल्यासारख्या दुकानदारांचे आहे.

मासळी, भाजी घेऊन रस्त्याकडेला बसणाऱ्या बायकांचा उल्लेख आपण केलेला नाही, पण बैठकीत पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. पथविक्रेता कायदा, २०१४ नुसार पाहणी करून प्रमाणपत्रे देणे आणि विक्रीच्या जागा ठरवणे बंधनकारक आहे. त्यासाठी नगर पथविक्रेता समिती असते; तिच्यात ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात आणि त्यांतल्या एकतृतीयांश महिला असाव्या लागतात. बाजाराची जागा चालण्याच्या १.८ मीटरांच्या बाहेर, पण गिऱ्हाइकाच्या वाटेवरच द्यायला हवी. गावाबाहेरच्या ओट्यांवर नेऊन बसवलेल्या कोळिणी आठवडाभरात पाट्या घेऊन पुन्हा रस्त्यावर येतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

प्रश्न : शाळेसमोरून जाणारा आमचा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे. मी नगरसेविका आहे. नगरपंचायत म्हणते रस्ता आमचा नाही, विभाग म्हणतो फुटपाथ हे आमचे काम नाही आणि पोलीस म्हणतात आधी फलक लावा. मी नेमके कोणाकडे काय मागावे? शाळेसमोर गतिरोधक टाकून घेतला तर पुरेसे होईल का? — एक लोकप्रतिनिधी, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : गतिरोधकाचे आधी सांगतो. घमेलेभर डांबर टाकून केलेला टोकदार उंचवटा वेग कमी करतो, पण दुचाकीवर मागे बसलेल्या बाईला खाली पाडतो आणि पावसाचे पाणी अडवतो. गोलाकार गतिरोधकाचे प्रमाणित माप ३.७ मीटर रुंदी आणि १० सेंटिमीटर उंची असे आहे; ते ताशी २५ किलोमीटरच्या वेगासाठी ठरवलेले आहे. शाळेसमोर याहून चांगला उपाय म्हणजे झेब्रा पट्ट्यांची जागाच पदपथाच्या उंचीला उचलणे. त्यामुळे वाहनाचा वेग आपोआप उतरतो आणि मुले रस्त्यात न उतरता सपाट जागेवरून पलीकडे जातात.

वेगाचा प्रश्न मी मुद्दाम विस्ताराने घेतो, कारण तो जिवाशी आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार, चालकाला मूल दिसल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर सुमारे २८ मीटर पुढे जाते. ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे १३ मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर दोन्ही अंतरे वाढतात. आता कायद्याची बाजू पाहा. केंद्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीची कमाल वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे. कमी मर्यादेचा आदेश काढून फलक लावला नसेल तर आपल्या शाळेसमोरून ७० च्या वेगाने जाणारा चालक वेगमर्यादा मोडल्याच्या कलमाखाली अडकत नाही. म्हणून आपली पहिली मागणी ३० च्या मर्यादेच्या आदेशाची असावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ नुसार वेगमर्यादा कमी करता येते आणि कलम ११५ नुसार ठरावीक वेळेत जड वाहनांना बंदी घालता येते. हे अधिकार राज्य शासनाचे किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याचे आहेत, त्यामुळे प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा आणि त्याची प्रत पोलीस अधीक्षकांना द्यावी. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या अर्ध्या-अर्ध्या तासात चिऱ्याचे आणि वाळूचे डंपर थांबवणे एवढी एकच गोष्ट साधली तरी फार मोठे काम होईल.

दुसरी मागणी बांधकाम विभागाकडे. रस्ता ज्याच्या ताब्यात, त्याच्या आराखड्याची जबाबदारीही त्याचीच. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९८-अ नुसार, रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत ठरवून दिलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर संबंधित प्राधिकरणाला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ च्या आदेशात, वापरण्याजोगा आणि अपंग व्यक्तींनाही चालता येईल असा पदपथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील हक्काचा भाग आहे, असे स्पष्ट केले आहे. ‘पदपथ हे आमचे काम नाही’ असे उत्तर पुन्हा तोंडी मिळाले तर ते लेखी मागा. बहुधा ते लेखी मिळणार नाही. रस्त्याच्या नव्या कामाचे अंदाजपत्रक माहितीच्या अधिकारात काढून घ्या आणि काम सुरू होण्यापूर्वीच त्यात पदपथाची बाब घालण्याचा ठराव सभेत मंजूर करून पाठवा. डांबरीकरण झाल्यावर पदपथ मागणे म्हणजे पुढच्या डांबरीकरणाची वाट पाहणे होय. एवढे करूनही कागद हलला नाही तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणारा लोकशाही दिन आहे.

तोपर्यंत शाळेत मुलांना एक सवय लावून घ्या : जिथे पदपथ नाही तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, म्हणजे आपल्या बाजूचे वाहन समोरून येताना दिसते.

प्रश्न : आमच्या वाडीतून बाजारात उतरणारी चिऱ्यांची जुनी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट आहे. ती मोडून रिक्षा जाईल एवढा काँक्रीटचा रस्ता करण्याचे घाटत आहे. वयस्कर लोकांना रिक्षा दारात हवी आहे, आम्हां काहींना पाखाडी राहावी असे वाटते. आपले मत काय? — एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : वयस्कर माणसांची गरज खरी आहे आणि ती भागली पाहिजे, परंतु पाखाडी मोडून ती भागवू नये, असे माझे ठाम मत आहे. दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे रचलेल्या दगडांची कुंपणे, मधे जांभ्याच्या पायऱ्या आणि वर माडा-फणसांची सावली असलेली ही वाट म्हणजे आपल्या पूर्वजांनी बांधून ठेवलेला पदपथच आहे. तिथे लहान मूल एकटे शाळेत जाऊ शकते आणि एकही वाहन त्याच्या अंगावर येत नाही. बाजाररस्त्यावर १.८ मीटरांसाठी आपण एवढा खटाटोप करतो, आणि वाडीत ती जागा आयती असताना ती वाहनांना देऊन टाकतो, हे मला पटत नाही. शिवाय चढावर काँक्रीट ओतले की पाणी मुरायचे थांबते आणि पाऊस थेट खालच्या घरांच्या खळ्यात उतरतो.

वाडीच्या वरच्या किंवा मागच्या अंगाने रिक्षा कितपत जवळ आणता येईल ते आधी पाहावे. तिथून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा सपाट करून घ्यावा. पाखाडीच्या पायऱ्यांची उंची एकसारखी करावी, कारण माणूस अडखळतो तो कमी-जास्त उंचीच्या पायरीवर. एका बाजूला लोखंडी कठडा बसवावा. खाऱ्या हवेत तो गंजतो, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली नळी वापरावी. गडग्याकडेने पाण्याची सारण मोकळी ठेवावी आणि प्रत्येक वळणावर एक दिवा लावावा. पाखाडी जिथे बाजाररस्त्याला मिळते त्या जागेकडे विशेष लक्ष द्यावे. चढावरून वेगाने खाली आलेले मूल शेवटच्या पायरीवरून थेट रस्त्यात येते आणि गडग्यामुळे ते चालकाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. तिथे गडग्याची टोकाकडची दोन-तीन हातांची लांबी कमरेइतकी उतरवून घ्यावी, पायऱ्या संपल्यावर उभे राहायला सपाट ओटा करावा आणि ओट्यासमोरच रस्ता ओलांडण्याच्या पट्ट्या मारून घ्याव्यात.